टेबलापलीकडच्या माणसाला सही करायचा अधिकार आहे का?

हातमोज्यांपासून सुरुवात करतो, कारण स्थानिक संस्थांमधले कामगार आणि प्रशासन यांच्यातल्या वाटाघाटीबद्दल मला जे काही कळलंय ते बरंचसं तिथूनच कळलंय. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका स्थानिक संस्थेच्या सफाई खात्यातल्या युनियनचं कामकाज बघायचो, म्हणजे पत्रं लिहिणं, मीटिंगला जाणं, काय बोललं गेलं ते उतरवून घेणं असलं काम. एका वर्षी प्रशासनानं, आणि खरंच चांगल्या मनानं, सगळ्या सफाई कामगारांसाठी रबरी हातमोजे घेतले. टेंडर निघालं, माल आला, वाटप झालं. महिन्याभरात सुपरवायझर लोकांचे रिपोर्ट यायला लागले की बायका मोजे घालत नाहीत, सांगून ऐकत नाहीत, मेमो द्या. मेमो निघाले. युनियननं मेमोच्या विरोधात पत्र दिलं, पत्राला उत्तर नाही, मग गेटवर निदर्शनं, मग एक तास कामबंद. तीन महिने हे चाललं. शेवटी एका मीटिंगला आम्ही दोन-चार कामगारांना सोबत घेऊन गेलो, त्यात एक बाई होत्या, एरवी कधी तोंड न उघडणाऱ्या. त्यांनी पिशवीतून स्वतःचा मोजा काढला, हातात चढवला आणि हात वर करून दाखवला. बोटांच्या पुढे दीड-दोन इंच रबर नुसतं लोंबत होतं. झाडूचा दांडा धरला की मोजा निसटून हातात यायचा. सगळा माल एकाच साइझचा आला होता, पुरुषांच्या मोठ्या हाताचा, कारण टेंडरच्या कागदात साइझचा रकानाच नव्हता.

मेमो, पत्रं, निदर्शनं, कामबंद, आणि मूळ प्रश्न मोज्याच्या साइझचा. त्या खोलीत वाईट माणूस कोणी नव्हता हे मला आजही सांगावंसं वाटतं. अधिकाऱ्याला कामगारांच्या हातांची काळजी होती म्हणूनच त्यानं खर्च मंजूर करून घेतला होता, आणि आमचा सेक्रेटरी मेमो मिळालेल्या बायकांसाठी मनापासून भांडत होता. पण खरेदीच्या आधी अर्धा तास एकत्र बसायची पद्धत नव्हती, आणि आम्ही युनियनवाल्यांनीसुद्धा तीन महिन्यांत त्या बायकांना "का घालत नाही गं?" असं धड विचारलं नव्हतं. आम्ही मेमो रद्द करा म्हणत राहिलो. मोज्याबद्दल आम्ही एक ओळ लिहिली नव्हती.

आता सोशल डायलॉग हा शब्द सगळीकडे वापरला जातो, मराठीत सामाजिक संवाद म्हणतात, पण ते ऐकलं की भाषण सुरू झाल्यासारखं वाटतं म्हणून लोक पुढे ऐकतच नाहीत. खरं तर आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं, म्हणजे आयएलओनं, त्याचा अर्थ अगदी साधा ठेवलाय. कामगार, मालक आणि सरकार यांच्यात माहितीची देवाणघेवाण होणं, सल्लामसलत होणं आणि वाटाघाट होणं, हे सगळं त्यात येतं. या तिन्ही गोष्टींचा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी माहिती द्या, मग विचारा, मग जिथे मतभेद उरतील तिथे वाटाघाट करा. बहुतेक स्थानिक संस्थांमध्ये पहिल्या दोन पायऱ्या कोणी चढतच नाही आणि थेट तिसरीवर उडी मारली जाते, तीही संपाची नोटीस हातात पडल्यावर. तहान लागल्यावर विहीर खणायची आणि पाणी लागलं नाही की एकमेकांना दोष द्यायचा, हे इतकं नेहमीचं झालंय की वाटाघाट म्हणजे अशीच असते असं लोकांना वाटायला लागलंय.

आणि ही विहीर आधी का खणली पाहिजे ते समजायला मेम्फिसचा इतिहास बघावा. १९६८ सालचा फेब्रुवारी, अमेरिकेतलं मेम्फिस शहर, जोराचा पाऊस. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन सफाई कामगार पावसापासून वाचायला कचऱ्याच्या ट्रकच्या मागच्या भागात शिरले, जिथे कचरा दाबला जातो तिथे, कारण त्यांना आडोशाला उभं राहायला दुसरी जागा नव्हती. यंत्र बिघडून आपोआप सुरू झालं आणि दोघं त्यात चिरडून मेले. अशा जुन्या खराब ट्रकबद्दल कामगार आधीपासून तक्रार करत होते. घरच्यांना काय मिळालं तर एका महिन्याचा पगार आणि अंत्यविधीसाठी ५०० डॉलर. १२ फेब्रुवारीला सुमारे १,३०० कामगार, जवळपास सगळे कृष्णवर्णीय, कामावर गेले नाहीत. महापौर हेन्री लोब यांची भूमिका अशी की सार्वजनिक सेवेतल्या माणसानं संप करणंच बेकायदा आहे, त्यामुळे आधी कामावर या, युनियनला मान्यता वगैरे विसरा. कामगारांनी गळ्यात पाट्या घातल्या, त्यावर लिहिलं होतं "मी माणूस आहे". पगारवाढीचा आकडा त्या पाटीवर नव्हता. पुढचं सगळ्यांना माहीत आहे, मार्टिन ल्यूथर किंग त्या संपाला पाठिंबा द्यायला गेले आणि ४ एप्रिलला त्यांची तिथेच हत्या झाली. १६ एप्रिलला समझोता झाला, युनियनला मान्यता मिळाली आणि थोडी पगारवाढ. म्हणजे फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जे एका बैठकीत देता आलं असतं ते दोन महिन्यांनी दिलं गेलं, आणि मधल्या काळात काय काय हातचं गेलं.

या गोष्टीचा एक शेपटासारखा भाग आहे जो फारसा सांगितला जात नाही. संपानंतर त्या कामगारांनी शहराच्या पेन्शन योजनेऐवजी केंद्राची सोशल सिक्युरिटी पत्करली होती, आणि म्हातारपणी ती पुरेना म्हणून त्यातले काही जण सत्तरी-ऐंशीतही कामावर येत होते. शेवटी २०१७ मध्ये मेम्फिस शहरानं त्या संपातल्या हयात कामगारांना प्रत्येकी ५०,००० डॉलर द्यायचं ठरवलं, नंतर ती रक्कम आणखी वाढवली. जवळपास ५० वर्षं लागली. तापलेल्या वातावरणात घाईनं घेतलेल्या निर्णयाचं बिल किती उशिरा येऊ शकतं त्याचं हे एक उदाहरण आहे, दुसरं याहून ताजं आहे, त्याकडे येतोच.

पण आधी हे सांगायला हवं की स्थानिक सरकारी मालक हा बाकी मालकांपेक्षा वेगळा का असतो. कारखान्यात मालक कोण हे कामगाराला माहीत असतं. पालिकेत किंवा कौन्सिलमध्ये मालक कोण? निवडून आलेली सभा? मुख्य प्रशासकीय अधिकारी? खातेप्रमुख? की वरचं सरकार, जे निम्मा-अर्धा पैसा देतं आणि नियम ठरवतं? की कर भरणारा नागरिक? प्रत्येक जण थोडा थोडा मालक असतो आणि जबाबदारी घ्यायची वेळ आली की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. खातेप्रमुख म्हणतो माझ्या हातात नाही, वर पाठवतो. वरचा म्हणतो सभेचा ठराव लागेल. सभा म्हणते सरकारची मंजुरी लागेल. सरकार म्हणतं हा स्थानिक विषय आहे, आम्ही कशाला लक्ष घालू. त्यात निवडणूक आली की आधीचे बोललेले शब्द वाऱ्यावर जातात, नवीन माणसं म्हणतात आम्ही कुठे कबूल केलं होतं. मी अशा मीटिंगा बघितल्यात जिथे समोरचा अधिकारी सज्जन, अभ्यासू, कामगारांना मान देणारा, चहा मागवणारा, सगळं मन लावून ऐकून घेणारा, आणि शेवटी "तपासून कळवतो" यापलीकडे एक शब्द देऊ न शकणारा. त्याची तरी काय चूक, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. एका मागणीपुढे आमच्या फाइलमध्ये "तपासून कळवतो" हे सलग चार मीटिंगांच्या मिनिट्समध्ये लिहिलेलं आहे, आणि त्या मिनिट्ससुद्धा मीटिंग होऊन दीड-दोन महिन्यांनी यायच्या, तोवर काय ठरलं होतं यावरच नवीन भांडण.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि बाकी लेख त्याच एका गोष्टीसाठी लिहितोय, की संवाद सुधारा म्हणताना आपण स्वभावाबद्दल बोलत बसतो, सौहार्द, विश्वास, सामंजस्य वगैरे, पण खरी अडचण अधिकाराची आहे. टेबलावर बसलेल्या माणसाला सही करता येत नसेल तर तो कितीही गोड बोलो, ती वाटाघाट नाहीच. विश्वास हा शब्द पाळल्यावर तयार होतो, आणि शब्द पाळायला आधी तो देण्याचा अधिकार लागतो.

आता ते ताजं उदाहरण, इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम. २०१७ च्या उन्हाळ्यात तिथल्या कौन्सिलनं कचरागाड्यांवरचं एक वरच्या ग्रेडचं पद रद्द करायचं ठरवलं आणि कामगारांनी संप केला. एकास या सरकारी पैशावर चालणाऱ्या पण स्वतंत्र मध्यस्थ संस्थेच्या मदतीनं कौन्सिलचे नेते आणि युनियन यांच्यात ऑगस्टमध्ये तोडगा निघाल्याचं जाहीर झालं, लोक कामावर परत आले. आणि दोन आठवड्यांत कौन्सिलच्या प्रशासनानं नोकरकपातीच्या नोटिसा काढल्या! म्हणजे नेता बोलला एक आणि कौन्सिल म्हणालं असा करार झालेलाच नाही, तो परवडणारा नाही. पुन्हा संप, नेत्याचा राजीनामा, प्रकरण हायकोर्टात, कोर्टानं कपातीला तात्पुरती स्थगिती दिली, आणि नोव्हेंबरमध्ये शेवटी समझोता झाला ज्यात त्या कामगारांसाठी एक नवीन पद तयार केलं गेलं. सगळे सुटले असं वाटलं.

पण याच कौन्सिलवर अनेक वर्षं दुसऱ्याच एका प्रश्नाचं ओझं होतं. स्वयंपाक, साफसफाई, वृद्धांची देखभाल करणाऱ्या बायकांना, समान दर्जाचं काम असूनही, कचरा आणि रस्ते खात्यातल्या पुरुषांना मिळणारे बोनस मिळत नव्हते. या बायका कोर्टात गेल्या, २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानं १७० हून जास्त जणींना दावा लावायचा मार्ग मोकळा केला, आणि २०२३ मध्ये कौन्सिलनंच सांगितलं की समान वेतनाच्या दाव्यांपोटी आतापर्यंत जवळपास १.१ अब्ज पौंड दिलेत आणि अजून शेकडो मिलियन देणं आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कौन्सिलनं कायद्यातली कलम ११४ ची नोटीस काढली, सोप्या भाषेत आमच्याकडे पैसे उरले नाहीत असं जाहीर केलं, आणि वरून सरकारनं कमिशनर नेमले. मग समान वेतनाची जोखीम कमी करायची म्हणून २०१७ च्या समझोत्यात तयार केलेलं तेच पद रद्द करायचं ठरलं, त्यावरून पुन्हा संप, ११ मार्च २०२५ पासून पूर्ण कामबंद. महिना संपायच्या आत शहरानं आणीबाणीसारखी परिस्थिती जाहीर केली, १७,००० टन कचरा रस्त्यावर पडून असल्याचा अंदाज कौन्सिलनं दिला होता.

मी हे एवढं लांबण लावून सांगितलं कारण यात आपल्या विषयातलं जवळजवळ सगळं आलंय. बोलणाऱ्याला अधिकार आहे की नाही हे कोणी आधी तपासलं नाही. २०१७ मध्ये संकटात केलेला तोडगा पुढच्या संकटाचं बी ठरला. आणि मला सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट, टेबलावर गाडीवरच्या कामगारांचा प्रश्न होता पण त्या तोडग्याचा धागा ज्यांच्या पगाराला बांधलेला होता त्या बायकांचा विचार कोणी केला नाही. गाडीवरचा कामगार चुकीचा नव्हता, त्याचं हातात येणारं उत्पन्न कमी होणार होतं, तो का गप्प बसेल. स्वयंपाकघरातली बाई तर मुळीच चुकीची नव्हती. पण दोघांची गाऱ्हाणी दोन वेगळ्या खोल्यांमध्ये, दोन वेगळ्या वेळी सोडवत बसल्यामुळे एकाचा न्याय दुसऱ्यावर अन्याय होऊन आदळला.

हे सगळं नवीन शहाणपण आहे असंही नाही. आयएलओनं १९७८ मध्ये सार्वजनिक सेवेतल्या कामगारांसाठी १५१ क्रमांकाचा करार केला, १९८१ मध्ये सामूहिक वाटाघाटींसाठी १५४ क्रमांकाचा, आणि त्याच्या जोडीला १६३ क्रमांकाची शिफारस. ती शिफारस फार थोडे लोक वाचतात पण मला विचाराल तर या विषयातला सगळ्यात कामाचा कागद तो आहे. त्यात साध्या शब्दांत म्हटलंय की दोन्ही बाजूंनी आपापल्या प्रतिनिधींना वाटाघाट करायचा आणि ती पूर्ण करायचा अधिकार द्यावा, हो, पूर्ण करायचा सुद्धा. त्यात असंही म्हटलंय की अर्थपूर्ण वाटाघाटीसाठी लागणारी आर्थिक माहिती सरकारी आणि खासगी दोन्ही मालकांनी द्यावी, आणि वाटाघाट करणाऱ्यांना प्रशिक्षण मिळावं. शिफारस बंधनकारक नसते, पण ती दोन्ही बाजूंना उद्देशून आहे बरं का, युनियनचा माणूस टेबलावर हो म्हणून बाहेर गेटवर नाही म्हणतो तेव्हा तोसुद्धा हीच चूक करत असतो.

हे जमतं का? डेन्मार्कमध्ये बऱ्यापैकी जमवलंय. तिथल्या नगरपालिकांमध्ये १९९० च्या दशकापासून एमईडी नावाची पद्धत आहे, मालक संघटना आणि युनियन यांच्या करारातून आलेली, ज्यात सहकार्य समिती आणि कामाच्या सुरक्षिततेची समिती एकत्र करता येतात आणि प्रत्येक पालिका आपल्या रचनेनुसार स्थानिक करार करते. तिचं मूळ सूत्र मला फार आवडतं. मॅनेजरचा अधिकार जिथपर्यंत जातो तिथपर्यंत कर्मचाऱ्यांचा सहभाग जातो. शाळेच्या मुख्याध्यापकाला जे ठरवता येतं ते त्या शाळेच्या समितीत चर्चेला येणार, खात्याच्या प्रमुखाला जे ठरवता येतं ते खात्याच्या समितीत, आणि संपूर्ण पालिकेचं जे आहे ते सगळ्यात वरच्या समितीत. त्यामुळे "हे माझ्या हातात नाही" हे उत्तर यायला जागा कमी राहते, कारण जे हातात नाही ते त्या टेबलावर येतच नाही, ज्याच्या हातात आहे त्याच्या टेबलावर जातं. आणि माहिती इतक्या आधी द्यायची की कर्मचाऱ्यांच्या म्हणण्याचा निर्णयावर परिणाम होऊ शकेल. निर्णय झाल्यावर कळवणं याला तिथे सल्लामसलत म्हणत नाहीत.

ब्रिटनमध्येही १९१७ साली व्हिटली समितीनं तीन पातळ्यांची संयुक्त मंडळं सुचवली होती, राष्ट्रीय, जिल्हा आणि प्रत्यक्ष कामाची जागा. सुचवली होती उद्योगांसाठी, पण टिकली जास्त करून सार्वजनिक सेवेत. बर्मिंगहॅममध्ये जे झालं ते अशी परंपरा असलेल्या देशात झालं हे लक्षात घ्या, म्हणजे वर राष्ट्रीय पातळीवर मंडळ असून भागत नाही, खाली त्या शहरात, त्या खात्यात कोण कोणाशी कोणत्या अधिकारानं बोलतंय हे बघावंच लागतं.

पैशाच्या माहितीबद्दल थोडं जास्त बोलतो. मालक नेहमी म्हणतात की बजेट युनियनला दाखवलं तर ते त्याचा वापर मागण्या वाढवायला करतील. माझा अनुभव उलटा आहे. आकडे लपवले की युनियन असं धरून चालते की पैसा भरपूर आहे आणि दडवलाय. आम्हाला एकदाच, एका हिशेब अधिकाऱ्यानं मीटिंगच्या आठवडाभर आधी खात्याचा पूर्ण खर्च लिहून दिला होता, पगार किती, ओव्हरटाइम किती, गाड्यांची दुरुस्ती किती, कंत्राटदाराला किती. त्या एका पानावरून आमच्याच लोकांनी दाखवून दिलं की नादुरुस्त गाड्यांमुळे ओव्हरटाइम वाढतोय, दोन गाड्या वेळेवर दुरुस्त केल्या तर तोच पैसा दुसरीकडे वापरता येईल. ही गोष्ट वरच्या मजल्यावर कोणाला दिसत नव्हती कारण दुरुस्ती बजेटच्या एका हेडमध्ये आणि ओव्हरटाइम दुसऱ्या हेडमध्ये होता, आणि ड्रायव्हरला मात्र रोज दिसत होती. तो अधिकारी बदलून गेला आणि ते पान पुन्हा कधी मिळालं नाही.

मोठ्या पातळीवर याचं उदाहरण म्हणजे १९७५ चं न्यूयॉर्क. शहर दिवाळखोरीच्या दारात, बँका नवीन कर्ज देईनात. त्या वेळी शहराला वाचवणाऱ्यांमध्ये महापालिकेच्या कामगारांचे पेन्शन फंड होते, त्यांनी शहरासाठी काढलेले बाँड विकत घेतले. १७ ऑक्टोबर १९७५ ला शिक्षक युनियनचे अल्बर्ट शँकर यांनी आधी नकार दिला होता आणि मग शेवटच्या काही तासांत १५० मिलियन डॉलरचे बाँड घ्यायला होकार दिला. स्वतःच्या सभासदांची म्हातारपणाची पुंजी बुडत्या मालकाला द्यायची हा किती मोठा निर्णय आहे. हे एका रात्रीत झालेलं दिसतं पण त्याच्या मागे १९५८ मध्ये महापौर वॅग्नर यांनी आदेश काढून महापालिका युनियनना मान्यता दिल्यापासूनची सतरा वर्षं होती, ज्यात दोन्ही बाजू एकमेकांशी भांडत का होईना पण एकाच टेबलावर बसत आल्या होत्या. ज्या युनियनला तुम्ही ओळखतच नाही असं म्हणालात ती तुमच्या संकटात कशी धावून येईल?

आता यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. निवडून आलेली सभा जनतेला जबाबदार असते, मग सार्वजनिक पैसा कसा खर्च करायचा यात युनियनला वाटा का द्यायचा, नागरिकानं तर युनियनला मत दिलेलं नाही. आक्षेप खरा आहे. म्हणूनच मी असं म्हणत नाही की निर्णय युनियननं घ्यावा. धोरण काय, कोणती सेवा द्यायची, कर किती, हे सभेनंच ठरवायचं. पण ती सेवा ज्यांच्या हातून पोचते त्यांना न विचारता ठरवलेलं धोरण बऱ्याचदा कागदावरच राहतं, आणि नुकसान त्याच नागरिकाचं होतं. आणि बोलायचं टेबलच काढून टाकलं तर गाऱ्हाणी संपतात असंही नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यानं २०११ मध्ये ॲक्ट १० आणून बहुतेक सार्वजनिक कर्मचाऱ्यांच्या वाटाघाटी फक्त मूळ पगारापुरत्या मर्यादित केल्या. म्हणजे सुरक्षितता, कामाचे तास, कामाचा ताण यावर करार करायचा रस्ताच बंद. हजारो लोक राजधानीत रस्त्यावर उतरले आणि त्या कायद्यावरची कोर्टबाजी दशकभरानंतरही चालूच राहिली. मोज्याच्या साइझचा प्रश्न मूळ पगारात बसत नाही ना, मग तो कुठे मांडायचा?

आमच्या बाजूचंही बोलायला हवं, नाहीतर हे एकतर्फी होईल. एका खात्यात चार-पाच युनियन असतात आणि प्रत्येकीला दुसरीपेक्षा जास्त आवाज करायचा असतो, त्यामुळे एकीनं मान्य केलेली गोष्ट दुसरी मुद्दाम मोडते. मालकाला हे सोयीचं पडतं, तो म्हणतो आधी तुम्ही आपसात ठरवा. हे सोडवायला एक संयुक्त बाजू हवी, सभासदसंख्येनुसार जागा, आणि टेबलावर एकच आवाज, भांडायचं ते आदल्या दिवशी आपल्या खोलीत. आणि कंत्राटी कामगार. तोच झाडू, तोच रस्ता, तोच कचरा, पण त्याचा मालक कागदावर कंत्राटदार, म्हणून पालिका म्हणते हा आमचा नाही आणि कायम कामगारांची युनियनही बऱ्याचदा तेच म्हणते. मला याची लाज वाटते, कारण आम्ही पण वर्षानुवर्षं तेच केलं. ज्या टेबलावर निम्म्या कामगारांचा माणूसच नाही तिथे झालेला करार बाकी निम्म्यांच्या स्वस्त मजुरीवर उभा असतो, आणि एक दिवस तीच स्वस्त मजुरी कायम कामगाराची जागा खाते. बर्मिंगहॅमच्या स्वयंपाकघरातल्या बायकांचं जे झालं तेच वेगळ्या रूपात.

मग करायचं काय? मोठं काही नाही. दर महिन्याला ठरलेल्या तारखेला मीटिंग, भांडण असो नसो, आणि मुख्य म्हणजे भांडण नसताना. अजेंडा आणि आकडे दहा दिवस आधी हातात. प्रत्येक मुद्द्यापुढे आधीच लिहायचं की यावर निर्णय कोण घेऊ शकतो, आणि तो माणूस किंवा त्याचं लेखी अधिकारपत्र असलेला माणूस खोलीत नसेल तर तो मुद्दा तो येईल त्या तारखेला ठेवायचा, उगाच चर्चा करायची नाही. मिनिट्स त्याच दिवशी, उठायच्या आत, दोन्ही बाजूंच्या सहीनं, एक पान पुरे. अधिकारी बदलला तर नव्यानं पहिल्या आठवड्यात ते सगळे जुने कागद वाचून सही करायची की हे मला माहीत आहे आणि हे मला बंधनकारक आहे. आणि अडलं तर मध्यस्थ कोण हे भांडण सुरू व्हायच्या आधी ठरलेलं असावं, कारण भांडणात मध्यस्थाच्या नावावरूनच आणखी एक भांडण होतं. यात पैसा जवळजवळ लागत नाही. लागते ती थोडी सत्ता वाटून घ्यायची तयारी, खालच्या अधिकाऱ्याला सहीचा अधिकार द्यायची, आणि तिथेच सगळं अडतं, कारण वरच्याला वाटतं अधिकार दिला की आपलं महत्त्व कमी झालं.

त्या हातमोज्यांचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. बाईंनी हात वर करून दाखवल्यावर अधिकारी काही क्षण बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, कोणता साइझ लागेल? बाई म्हणाल्या, मला माझा माहीत आहे, बाकीच्यांचा कसा सांगू, त्यांना विचारायला पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीच्या जागी एक सुपरवायझर आणि आमचा एक माणूस वही घेऊन उभे राहिले, एका कागदावर हाताचा पंजा ठेवून पेन्सिलनं रेघ मारायची आणि पुढे नाव लिहायचं. हजेरी संपेपर्यंत वही भरली. खरेदी खात्यानं पुढच्या टेंडरला ती वही जोडली, आणि मेमो मागे घेतल्याचं पत्र त्याच आठवड्यात आलं.